‘स्टार’ गेला, ‘माझा’ राहिला : २६ टक्के मालकी आणि पूर्ण नाव यांचे प्रकरण

१ जून २०१२ रोजी महाराष्ट्रातल्या घरांत बातम्या लागल्या तेव्हा निवेदक तेच होते आणि बातमीदारही तेच. पडद्यावरच्या नावात ‘माझा’ हा शब्दही जागेवर होता. त्याच्या आधीचा ‘स्टार’ मात्र नव्हता. ‘स्टार माझा’ आता ‘एबीपी माझा’ झाली होती. हिंदीत ‘स्टार न्यूज’ची ‘एबीपी न्यूज’ झाली, बंगालीत ‘स्टार आनंद’ची ‘एबीपी आनंद’.

बहुतेक प्रेक्षकांना वाटले की वाहिनी विकली गेली. ती विकली गेली नव्हती. ज्या कंपनीच्या या वाहिन्या होत्या तिची ७४ टक्के मालकी २००३ पासूनच कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाकडे, म्हणजे एबीपीकडे होती. स्टारचा वाटा २६ टक्क्यांचा. तरीही दारावरची पाटी नऊ वर्षे स्टारचीच राहिली. एका जागतिक माध्यम कंपनीच्या परदेशातल्या मालकीचे हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते याच कारणासाठी. कायद्याने भागभांडवलाचा हिशेब काटेकोर ठेवला, पण नाव कोणाचे हा प्रश्न विचारलाच नाही.

पार्श्वभूमी

स्टार ही मुळात हाँगकाँगची. १९९१ मध्ये ली का-शिंग यांच्या हचिसन व्हॅम्पोआ उद्योगाने एशियासॅट-१ या उपग्रहावरून वाहिन्या सुरू केल्या. नावाचा विस्तार ‘सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन’. एका उपग्रहाची छाया अरबस्तानापासून चीनपर्यंत पडत होती, आणि भारतात गल्लीबोळांतले केबलवाले गच्चीवर मोठी छत्री लावून ते प्रक्षेपण घराघरांत पोचवत होते. भारत सरकारचा परवाना न घेता एक परदेशी वाहिनी भारतात घरोघरी दिसू लागली.

१९९३ च्या जुलैमध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा सुमारे ६४ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरला घेतला. उरलेला हिस्सा १९९५ मध्ये घेतला. ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्रांपासून सुरुवात करून ब्रिटनमधली वृत्तपत्रे आणि अमेरिकेतले फॉक्स उभारलेल्या या कंपनीला आशिया हवा होता.

पहिला धडा चीनने दिला. सप्टेंबर १९९३ मध्ये लंडनच्या भाषणात मर्डॉक यांनी उपग्रह दूरचित्रवाणी हा जगभरच्या हुकूमशाही राजवटींना धोका असल्याचे म्हटले, आणि पुढच्याच महिन्यात चीनने खासगी छत्र्यांवर निर्बंध घातले. १९९४ मध्ये स्टारने चीनकडे जाणाऱ्या प्रक्षेपणातून बीबीसीची बातम्यांची वाहिनी काढून टाकली. १९९६ मध्ये चिनी भाषेतली फिनिक्स वाहिनी आली, तीही स्थानिक भागीदारांना सोबत घेऊन आणि स्वतःकडे ४५ टक्के ठेवून. भारतातले प्रकरण वाचताना हे लक्षात ठेवायला हवे. करमणुकीला सरकारे सहसा आडवी येत नाहीत. बातमी आली की मालक कोण, हा प्रश्न येतोच.

भारतात स्टारला आधी भागीदार मिळाला तो झी. तिथल्या गुंतवणुकीत स्टारच्या पदरात निम्मा वाटा होता. पण स्टार प्लसवर हिंदी कार्यक्रम येऊ लागल्यावर दोघे एकमेकांचेच प्रतिस्पर्धी झाले. १९९९ मध्ये झीने स्टारचा वाटा विकत घेतला आणि संसार मोडला. पुढच्या वर्षी, जुलै २००० मध्ये, स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि स्टारला भारत खऱ्या अर्थाने गवसला.

बातम्यांची बाजू वेगळी होती. फेब्रुवारी १९९८ पासून चोवीस तास चालणाऱ्या ‘स्टार न्यूज’साठी बातम्या एनडीटीव्ही तयार करून देई. संपादकीय ताबाही तिचाच. वाहिनी स्टारची, आवाज एनडीटीव्हीचा. हा पाच वर्षांचा करार मार्च २००३ च्या अखेरीस संपणार होता. स्टारला आता बातमीही स्वतःच्या हातात हवी होती.

अडचण

करार संपायला थोडे दिवस उरले असतानाच, मार्च २००३ मध्ये, केंद्र सरकारने भारतातून अपलिंक होणाऱ्या, म्हणजे उपग्रहाकडे प्रक्षेपण पाठवणाऱ्या, वृत्तवाहिन्यांसाठी नियम काढले. परकीय भांडवल जास्तीत जास्त २६ टक्के. व्यवस्थापन आणि संपादकीय ताबा भारतीयांकडे. संचालकांपैकी तीन चतुर्थांश भारतात राहणारे भारतीय.

२६ हा आकडा सहज आलेला नव्हता. १९५५ च्या मंत्रिमंडळ ठरावाने भारतीय वृत्तपत्रांत परकीय भांडवलाला मनाई होती. ती जून २००२ मध्ये शिथिल झाली तेव्हा बातम्या छापणाऱ्या पत्रांसाठी २६ टक्क्यांची मर्यादा आली. छापील बातमीचा नियम वाहिनीला लावला, इतकेच.

कंपनी कायद्यात या आकड्याला वेगळे वजनही आहे. विशेष ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे २६ टक्के ज्याच्या हातात, तो कंपनी चालवू शकत नाही, पण कंपनीच्या नियमावलीत बदल, भांडवलाची मोठी फेरमांडणी असले निर्णय अडवू शकतो. परकीय मालकाला नियंत्रण द्यायचे नाही अशी सरकारची भूमिका होती, तरी त्याच्या हातात नकाराधिकार गेलाच. यावर तेव्हा फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. व्हायला हवी होती.

३१ मार्च २००३ रोजी ‘स्टार न्यूज’ पूर्ण हिंदी झाली आणि कारभार मुंबईतून सुरू झाला. एनडीटीव्हीने स्वतःच्या दोन वाहिन्या सुरू केल्या. मुंबईच्या वाहिनीला भारतातून अपलिंक करायचे होते, आणि त्यासाठी मालकीचा ढाचा नव्या नियमात बसवायचा होता.

समोरचे रस्ते

कंपनीच्या बंद खोलीत काय बोलणे झाले यापेक्षा नियम आणि बाजार पाहता कोणते रस्ते मोकळे होते, ते मांडतो.

एक, हाँगकाँगहून अपलिंक करत राहायचे. परदेशातून येणाऱ्या वाहिन्यांसाठी तेव्हा स्वतंत्र डाउनलिंकचे, म्हणजे उपग्रहावरून भारतात प्रक्षेपण उतरवण्याचे, नियमच नव्हते. ते नोव्हेंबर २००५ मध्ये आले. बीबीसी आणि सीएनएन तसेच दिसत होत्या. मालकी शंभर टक्के राहिली असती. पण हिंदी बातमीचा धंदा थेट प्रक्षेपणावर चालतो. पाटण्याची सभा किंवा मुंबईचा पाऊस आधी हाँगकाँगला पाठवून मग भारतात दाखवायचा तर प्रतिस्पर्धी पुढे जाणार. शिवाय सरकारच्या डोळ्यांवर येण्याची भीती होतीच.

दोन, २६ टक्के स्वतःकडे ठेवून उरलेले ७४ टक्के अनेक भारतीय व्यक्तींमध्ये विभागायचे.

तीन, एकच मजबूत भारतीय भागीदार घ्यायचा आणि त्याच्या हाती बहुमत द्यायचे.

चार, बातमी सोडून करमणुकीवरच लक्ष द्यायचे. करमणुकीच्या वाहिनीला शंभर टक्के परकीय मालकीची मुभा होती. २००३ मध्ये हा रस्ता कोणी गंभीरपणे धरला असता असे वाटत नाही. वृत्तवाहिनीमुळे दिल्लीत मिळणारे वजन कोणत्याही माध्यम कंपनीला हवे असते. नऊ वर्षांनी मात्र स्टार याच रस्त्यावर आली.

पहिला निर्णय आणि तो का अडला

स्टारने आधी दुसरा रस्ता धरला. मीडिया कंटेंट अँड कम्युनिकेशन्स सर्व्हिसेस ही कंपनी पुढे आली. २६ टक्के स्टारचे, बाकी वेगवेगळ्या भारतीयांचे. नियमाच्या अक्षरात ते बसत होते.

गणित मात्र साधे होते. ७४ टक्के अनेकांत वाटले गेले की कोणाही एकाच्या हाती निर्णायक वजन राहत नाही. २६ टक्केवाला एका गठ्ठ्याने मत देणार, वर नाव त्याचे, जगभरचा अनुभव त्याचा आणि पैसा उभा करण्याची ताकदही त्याचीच. अशा कंपनीत ताबा कोणाकडे हे सांगायला भागधारकांची यादी लागत नाही. प्रतिस्पर्धी माध्यमसंस्थांनी नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांचा हेतू निव्वळ राष्ट्रहिताचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, त्यांनाही बाजार राखायचा होता. पण आक्षेप बरोबर होता. ब्रिटनमध्ये मर्डॉक यांच्या वृत्तपत्रांचे निवडणुकांतले वजन उघड चर्चेचा विषय होते, त्यामुळे भारतातली धास्ती हवेतली नव्हती.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिनी बंद केली नाही आणि पक्की परवानगीही दिली नाही. थोड्या-थोड्या मुदतीची तात्पुरती परवानगी मिळत राहिली. चालू वाहिनीसाठी ही अवस्था फार वाईट. जाहिरातदार वर्षभराचा करार करायला कचरतो. नोकरीवर घेतलेला बातमीदार घरी काय सांगणार? मुंबईत नव्याने उभ्या राहिलेल्या त्या न्यूजरूमला पहिले काही महिने या टांगत्या तलवारीखाली काढावे लागले.

मग सरकारने नियमच घट्ट केला. सर्वांत मोठ्या भारतीय भागधारकाकडे किमान ५१ टक्के हवेत अशी अट आली. त्या एका वाक्याने दुसरा रस्ता बंद झाला. या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा टप्पा मला वाटतो. परकीय मालकाला किती, हे ठरवून पुरत नाही. भारतीय बाजूला एक खांदा असा हवा की ज्याला जबाबदार धरता येईल. नियम लिहिणाऱ्यांना हे पहिला प्रयोग समोर आल्यावर उमगले.

कोलकात्याचा भागीदार

त्याच वर्षी स्टारने एबीपीशी हातमिळवणी केली. १९२२ पासून चालत आलेली ‘आनंदबझार पत्रिका’ आणि ‘द टेलिग्राफ’ हे इंग्रजी दैनिक चालवणारा हा समूह. बातमीच्या धंद्यात मुरलेला, पण हिंदी दूरचित्रवाणीत नवखा. ७४ आणि २६ असा वाटा ठरला. ५१ ची अट आरामात पूर्ण झाली.

दोघांची गरज एकमेकांना पुरी पडत होती. स्टारला मालकीसाठी भरवशाचे भारतीय घराणे हवे होते. एबीपीला पडद्यावर येण्यासाठी ओळखीचे नाव हवे होते. म्हणून कंपनी एबीपीच्या बहुमताची झाली आणि वाहिनीचे नाव मात्र परवान्याने घेतलेले, ‘स्टार’, राहिले.

हीच कंपनी स्टारशी संबंधित माणसांची एक मोठी शाळाही ठरली. २००४ पासून तिथे धुरा सांभाळलेले उदय शंकर २००७ मध्ये स्टार इंडियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. पुढे या वृत्तवाहिन्यांना नाव सोडावे लागले तेव्हा स्टारच्या बाजूने सर्वोच्च खुर्चीवर तेच होते. दोन्ही बाजू आतून ठाऊक असलेला माणूस.

मराठीत

२००७ हे मराठी बातमीसाठी गजबजलेले वर्ष. फेब्रुवारीत ‘झी २४ तास’ आली, जूनमध्ये ‘स्टार माझा’. एप्रिल २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’. तोपर्यंत मराठी माणसाची बातमी म्हणजे सह्याद्रीवरचे संध्याकाळचे बातमीपत्र आणि ईटीव्ही मराठीवरची बातमीपत्रे. आता विदर्भातला शेतकरी, कोकणातला पूर, पुण्यातला निकाल हे सगळे दिवसभर दिसू लागले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बातमीदाराच्या हातात बूम, म्हणजे वाहिनीचे नाव असलेला माइक, आला आणि त्याला गावात वेगळा मान मिळू लागला. मराठी पत्रकारितेतला हा बदल मी फार मोठा मानतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’ आली. प्रेक्षकाच्या लेखी ‘स्टार माझा’ आणि ‘स्टार प्रवाह’ या सख्ख्या बहिणी. मालकीच्या कागदावर त्या वेगळ्या घरच्या होत्या. करमणुकीच्या ‘प्रवाह’च्या मालकीवर परकीय भांडवलाची मर्यादा नव्हती, बातमीच्या ‘माझा’त स्टारचे २६ टक्के. रिमोटवर मात्र दोन्हींच्या डोक्यावर तोच तारा.

इथे दुसरा निर्णयबिंदू होता आणि तो चुकला, असे माझे मत आहे. बंगालीत २००५ मध्येच ‘स्टार आनंद’ निघाली होती. मराठी वाहिनी काढताना एबीपीला नव्या नावाची संधी होती. मराठी बातमीच्या बाजारात ‘स्टार’ला हिंदीइतकी जुनी पुण्याई नव्हती. तरी परवान्यावरचे नावच वापरले. पुढची पाच वर्षे मराठी बातमीदारांनी जी विश्वासार्हता कमावली, तिचा निम्मा भाग दुसऱ्याच्या मालकीच्या शब्दावर जमा होत राहिला.

नाव परत गेले

२०१२ पर्यंत स्टारचे चित्र पालटले होते. २००९ मध्ये हाँगकाँगचे मुख्यालय आटोपते घेऊन भारताचा कारभार सुटा केला गेला होता. एप्रिल २०१२ मध्ये स्टारने भारतीय क्रिकेट मंडळाचे प्रक्षेपण हक्क २०१८ पर्यंतसाठी ३,८५१ कोटी रुपयांना घेतले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ईएसपीएन स्टार स्पोर्ट्समधला ईएसपीएनचा निम्मा वाटा विकत घेण्याचे जाहीर झाले. ‘स्टार’ नाव वृत्तवाहिन्यांवरून उतरले तेही त्याच दिवसांत.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की हिशेब दिसतो. खेळ आणि मालिका यांत मालकी हवी तेवढी, ताबाही पूर्ण. बातमीत वाटा २६ टक्के, संपादकीय ताबा शून्य, आणि बातमी कोणाला झोंबली तर बोट मात्र ‘स्टार’कडे. नावाची जोखीम शंभर टक्के, मिळकत पाव हिश्शाची. असा व्यवहार कोणतीही कंपनी कधी ना कधी थांबवणारच.

एबीपीच्या बाजूने ते अवघड होते. बूम, थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन, ओळखपत्रे, सेटवरची अक्षरे, केबलवाल्यांच्या यादीतले नाव, सगळे बदलायचे. जाहिरातदाराला समजावायचे की प्रेक्षक तोच आहे. तालुक्याच्या कचेरीत बातमीदाराने नवे नाव सांगितले तर समोरच्याने ‘कोणती वाहिनी?’ असे विचारू नये, एवढी ओळख पुन्हा कमवायची. मराठीत एक गोष्ट कामी आली. लोक पहिल्यापासून नुसते ‘माझा’ म्हणत होते. नावातला जो शब्द आपल्या भाषेतला होता, तोच टिकला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी जागा २००७ ची. एबीपीने मराठीत स्वतःचे नाव पुढे ठेवून ‘स्टार’ला दुसरे स्थान दिले असते, तर २०१२ मध्ये नामांतराचा धक्का निम्म्यावर आला असता. उपग्रह छत्रीच्या धंद्यात असे उदाहरण होते. ऑगस्ट २००६ मध्ये आलेल्या ‘टाटा स्काय’त स्टारचा वाटा २० टक्के होता आणि ‘स्काय’ हे नाव मर्डॉक घराण्याच्या ब्रिटनमधल्या सेवेचे. पण ‘टाटा’ पहिल्या शब्दात होते. खुद्द ‘स्काय’ २०१८ मध्ये अमेरिकेच्या कॉमकास्टकडे गेली, २०२२ मध्ये इथे ‘टाटा प्ले’ झाले आणि ग्राहकाला फारसे परके वाटले नाही.

२००५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘सीएनएन-आयबीएन’ने आणखी सरळ मार्ग दाखवला. परदेशी नाव करारावर आणि बातम्यांचे सहकार्य, दोन्ही नावे जोडलेली. २०१६ मध्ये ‘आयबीएन’ जाऊन ‘न्यूज१८’ आले तरी गाडी थांबली नाही.

सरकारी बाजूने, २००३ च्या नियमांनी भागधारक मोजले, संचालक मोजले, संपादक कुठे राहतो तेही पाहिले. नावाच्या परवान्यात मुदत किती, तो अचानक काढून घेतला तर वाहिनीचे काय, नावाच्या बदल्यात संपादकीय अटी आहेत का, हे उघड करायला लावले असते तर प्रेक्षकालाही कळले असते की आपण कोणाच्या बातम्या पाहतो. पडद्याच्या कोपऱ्यात तारा दिसतो तोवर मालक परदेशी, असेच सामान्य माणूस धरून चालतो. त्याला दोष देता येत नाही.

स्टारने पहिल्याच प्रयत्नात एबीपीसारखा भागीदार शोधला असता तर तात्पुरत्या परवानग्यांवरचे ते महिने टळले असते. अक्षर पाळून हेतू चुकवण्याचा तो प्रयत्न नियम आणखी कडक करून गेला, आणि ते सगळ्याच परदेशी कंपन्यांना भोगावे लागले.

पुढे

वृत्तवाहिन्यांतली परकीय भांडवलाची मर्यादा नोव्हेंबर २०१५ मध्ये ४९ टक्के झाली. तोवर ‘स्टार’ नाव बातमीतून केव्हाच गेले होते. २०१३ मध्ये न्यूज कॉर्पोरेशनची दोन शकले झाली आणि स्टार ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सकडे राहिली. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मोठा भाग ७१.३ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतला, त्यात स्टार इंडिया आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या व्हायाकॉम१८ शी तिचे एकत्रीकरण पूर्ण झाले. त्या संयुक्त कंपनीत डिस्नेकडे ३६.८४ टक्के राहिले आणि ताबा रिलायन्सकडे गेला. उपाध्यक्ष म्हणून तिथे पुन्हा उदय शंकर आले.

हाँगकाँगमध्ये जन्मलेले ‘स्टार’ हे नाव अशा रीतीने तेहतीस वर्षांनी भारतीय ताब्यात आले. आता ते ‘स्टार प्रवाह’वर आहे. वृत्तवाहिनीच्या कंपनीचे नाव पुढे एबीपी न्यूज नेटवर्क झाले. आणि आमच्या घरी वडीलधारी मंडळी रिमोट मागताना अजूनही म्हणतात, ‘जरा स्टार माझा लाव.’